एका जागी न बसणारा माणूस

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई या गावाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. तेथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. यात्रेत नारळांची होळी पेटते, आणि ज्यांच्या घरातील कोणाचे चित्त ठिकाणावर राहिलेले नाही अशी सर्व जातिधर्मांची माणसे आपापले दुखणे घेऊन दूरदूरच्या मुलखांतून तेथे येऊन पोहोचतात. त्या श्रद्धेविषयी उणा शब्द लिहावा असे माझ्या मनात नाही. ज्या मातेने पोराच्या बरे होण्यासाठी गळ्यातले किडूकमिडूक मोडले आणि एसटीच्या तीन गाड्या बदलून त्याला बाबांच्या पायांशी आणले, तिच्यापुढे मस्तक आपोआप लवते. परंतु अशा गर्दीत एखादा तरी मनुष्य असा असावयाचा, की ज्याचे हात झाडाच्या पानासारखे थरथरत आहेत, अंगाला घाम सुटला आहे, ज्याला भिंतीवरून चालणारे किडे दिसतात, मेलेल्या आप्तांच्या हाका ऐकू येतात, आणि ज्याच्याविषयी घरचे लोक कपाळाला हात लावून एवढेच सांगतात की दोन दिवसांपूर्वीपर्यंत हा बरा होता, दारू तेवढी प्यायचा, तीही आम्ही परवा बळेच बंद केली. त्या शेवटच्या वाक्यातच साऱ्या दुखण्याचे मूळ असते, पण सांगणाऱ्याला त्याची दाद नसते आणि ऐकणाऱ्यालाही बहुधा नसते.

वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्या शरीराने त्या मद्याशी एक प्रकारचा करार केलेला असतो. मद्य मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःच्या उत्तेजक शक्ती वाढवून तोल सांभाळीत राहतो. आणि एके दिवशी मद्य अकस्मात थांबले, की तोलाची एक बाजू नाहीशी होऊन दुसरी बाजू मोकाट सुटते. पहिल्या दिवशी कंप, घाम, उलटी आणि अनिद्रा येते. पहिल्या दोन दिवसांत काहींना अपस्मारासारखे झटके येतात. आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोड्या लोकांना तो भयंकर भ्रम होतो, ज्यात नसलेली माणसे दिसतात आणि असलेली ओळखू येत नाहीत. हा भ्रम प्राणघातक ठरू शकतो, आणि रुग्णालयात वेळेवर औषध मिळाले तर बहुधा उतरतोही. म्हणून दारू सोडण्याविषयीच्या या लेखाच्या आरंभीच, कोणाला विपरीत वाटले तरी चालेल, मी हे लिहून ठेवतो, की ज्याला सकाळी उठताच हात स्थिर होण्यासाठी घोट घ्यावा लागतो त्याची दारू घरच्या घरी, कुलूप लावून, एका दिवसात बंद करू नये. ती वैद्याच्या देखरेखीखाली बंद करावी.

हा झाला दारूचा प्रश्न. मात्र ज्या माणसाविषयी मला आज लिहावयाचे आहे त्याची कथा दारूपासून सुरू होत नाही. ती पुष्कळ आधी, गावातल्या प्राथमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत सुरू होते. तो मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. गुरुजी फळ्याकडे वळले की तो खिडकीपाशी. पाटी घरी, दप्तर वाटेत. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओठांवर आणि तेही अर्धे बरोबर. बैलगाडीच्या मागे लोंबकळण्यात, विहिरीत सूर मारण्यात सर्वांच्या पुढे, आणि बेरजेचा हातचा घ्यावयाला हटकून विसरणारा. त्याची आई आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणते, ‘पायाले भिंगरी हाय त्याच्या.’ गुरुजी त्याला वांड म्हणतात, बाप त्याला उनाड म्हणतो, आणि कालांतराने तो स्वतःलाही तेच म्हणू लागतो. मोठेपणी भिंगरी पायांतून निघून मनात शिरते. मग तो सहा धंदे धरून सहा सोडतो. पीकविम्याची मुदत उलटून गेल्यावर त्याला कागदांची आठवण होते. फवारणी अर्ध्यावर टाकून कोणाच्या तरी पंपाच्या दुरुस्तीला जातो. मोटारसायकल वेगाने हाकतो, शब्द त्याहून वेगाने टाकतो आणि नंतर पस्तावतो. गावात आग लागली, पूर आला, कोणाला रात्री रुग्णालयात न्यावयाचे झाले, तर सर्वांआधी धावणारा आणि डोके ठिकाणावर ठेवणारा पुष्कळदा हाच असतो. ही गोष्ट त्याच्या निंदकांनी ध्यानात ठेवावी अशी माझी इच्छा आहे.

वैद्यकशास्त्रात या प्रकृतीला अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असा अर्थ असलेले एक लांबलचक नाव असून शहरांतील पालक ते ‘एडीएचडी’ अशा आद्याक्षरांनी ओळखतात. हे विलायती खूळ नुकतेच निघाले आहे असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली अवधान न टिकण्याच्या या व्यथेचे वर्णन केले होते. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशी मुले पुढे मांडली आणि त्यांच्या वर्तनाला नैतिक संयमातील दोष असे म्हटले. तथापि हा दोष चांगल्या घरांत, चांगले संगोपन झालेल्या मुलांतही दिसतो, हे त्याला तेव्हाच दिसले होते. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली याने अशा मुलांना एक उत्तेजक औषध दिले, तेव्हा ती अधिक चेकाळण्याऐवजी शांत होऊन अभ्यासाला बसली, आणि या मुलांच्या मेंदूत अवधानाला लगाम घालणारी यंत्रणाच मुळी अपुऱ्या जोमाने चालत असावी या विचाराला पाठबळ मिळाले. मुलांपैकी सुमारे शंभरात पाच आणि प्रौढांपैकी शंभरात दोन-तीन माणसे या प्रकृतीची असतात असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात. तिचा मोठा भाग आनुवंशिक आहे. आईबापांच्या लाडाने ती येत नाही आणि गुरुजींच्या छडीने ती जात नाही.

आता या माणसाच्या हाती पहिला पेला केव्हा येतो ते पाहावे. लग्नाच्या वरातीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निवडणुकीच्या धामधुमीत, कोठे तरी तो येतो, आणि इतरांना जे मिळते त्याहून काही अधिक त्याला मिळते. आयुष्यात प्रथमच त्याच्या डोक्यातली वर्दळ थांबते. एकाच वेळी दहा दिशांना ओढणारे विचार मिटतात, हातापायांतली चुळबुळ निवते, शेजारच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकता येते. मद्य मेंदूतील शामक द्रव्यांचे बळ वाढवते आणि आनंदाची जाणीव देणाऱ्या डोपामीन नामक द्रव्याला क्षणभर उसळी देते, हे सर्वांच्याच बाबतीत खरे आहे. पण ज्याच्या मेंदूत त्या द्रव्याचा कारभार मुळातच विस्कळीत, त्याला ती उसळी फार दिवसांच्या थकलेल्या येण्याप्रमाणे वाटते. शिवाय तात्काळ सुख आणि लांबचा लाभ यांत तात्काळ सुखाकडे झुकणे, आणि एक पेला झाल्यावर थांबावयाचे स्मरण न राहणे, हा तर त्या प्रकृतीचाच भाग आहे. अतिचंचलता असलेल्या मुलांना मोठेपणी व्यसनाधीन होण्याचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट असतो, आणि व्यसनमुक्तीसाठी उपचार घेणाऱ्यांत सुमारे पाचांत एकाला ही व्यथा असते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यासक्त बापांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांनी अद्याप दारूला स्पर्शही केलेला नाही अशा मुलांतही उतावळेपणाची आणि अवधान न टिकण्याची लक्षणे अधिक आढळली. बापाची बाटली मुलाच्या हाती येते ती केवळ संगतीने येते असे नव्हे. अस्वस्थताही वारशाने येते, आणि शेताच्या सातबाऱ्यावर तिची नोंद नसते.

पण उसना घेतलेला हा विसावा फार महाग पडतो. मद्याने लागलेली झोप उत्तररात्री तुटते. तुटलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशीचे अवधान आणखी ढासळते. ढासळलेल्या अवधानाने आणखी चुका, आणखी बोलणी, आणखी लाज. आणि त्या लाजेवर पुन्हा सायंकाळी तोच उतारा. मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर विचार करून थांबण्याची जबाबदारी असते, नेमका तोच भाग मद्य प्रथम दुबळा करते. ज्याच्या घराचे कुंपण आधीच मोडके आहे त्याने त्याचे उरलेसुरले खांबही सरपणात घालावेत, तशी ही गत होय.

आपल्या वऱ्हाडाला दारूची हानी कोणी शिकवावी अशी स्थिती नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेणगाव येथे झिंगराजी नावाच्या परिटाचे घर दारूने धुळीस मिळाले, तो स्वतः अकाली गेला, आणि त्याची विधवा सखुबाई आपल्या लहानग्या डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्यास आली. तो डेबू म्हणजेच आपले गाडगेबाबा. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालण्याची रीत मोडून त्यांनी गोड जेवण वाढले, आणि पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत हाती खराटा घेऊन, ज्या खेड्यात जातील तेथे, दारू पिऊ नका हे सांगितले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच सांगितले. सरकारी बाजूने पाहिले तर वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत, स्त्रियांच्या व आदिवासींच्या मोठ्या चळवळीनंतर, १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बुलढाण्यात जिल्हाव्यापी बंदी नाही. परंतु गावातील स्त्रियांनी अर्ज करून मतदान मागावे आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी बाटली आडवी करावी, की देशी दारूच्या दुकानाचा परवाना रद्द व्हावा, अशी तजवीज महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. लुगड्याच्या पदराने घाम पुसत मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बाया या राज्याच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत उदात्त दृश्यांपैकी एक आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन.

एवढे मानूनही एक गोष्ट मनात सलत राहते. कीर्तनकार, पुढारी, बाया, फौजदार, सर्वांनी मिळून दारूला गावाबाहेर घालवले, तरी ज्या माणसाला एका जागी बसवत नव्हते तो मात्र गावातच राहतो, आणि त्याची अस्वस्थताही त्याच्याबरोबर राहते. दुकान बंद झाले तर तो पाच कोसांवरच्या भट्टीवर जाईल. आपण त्याला निर्लज्ज म्हणतो. मला वाटते आपण त्याला पुरते पाहिलेलेच नाही.

म्हणून दारू सोडणे हे आरोग्याच्या कार्याचे पहिले प्रकरण समजावे, अखेरचे नव्हे. ते प्रकरण कसे उलगडते हे घरच्या माणसांना ठाऊक असले तर पुष्कळ अनर्थ टळतील. पहिल्या आठवड्यातील धोका वर सांगितलाच आहे; जिल्हा रुग्णालयात त्या काळात कंप व झटके आवरणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडलेला असतो आणि त्यावाचून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे बहुधा उदासीनतेचे जातात. मनुष्य भिंतीकडे तोंड करून पडतो, कशातच गोडी लागत नाही, आणि घरचे म्हणू लागतात की प्यायचा तेव्हाच बरा होता. येथे धीर सोडू नये. १९८८ साली अमेरिकेतील एका रुग्णालयात मद्यासक्त पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा दाखल होताना शंभरांपैकी ४२ जणांत गंभीर उदासीनतेची लक्षणे होती. चार आठवडे मद्यावाचून काढल्यावर तीच लक्षणे ६ जणांत उरली, आणि ही घट उदासीनतेवरचे औषध दिल्यामुळे नव्हे, केवळ मद्य थांबल्यामुळे झाली. ज्या दुःखावर उतारा म्हणून माणूस पीत होता त्यातील फार मोठा हिस्सा त्या पिण्यानेच निर्माण केलेला होता, असा याचा अर्थ होतो.

महिना उलटतो. झोप परत येते, चेहऱ्यावर तेज येते, बायकोच्या हातात मजुरीचे पैसे पडतात. आणि नेमक्या या सुमारास आपल्या या माणसाच्या बाबतीत एक अशी गोष्ट घडते की जिची कल्पना त्याला कोणीच दिलेली नसते. मद्याच्या जाड गोधडीखाली दडपलेली जुनी चंचलता उघडी पडते. डोक्यातली ती वर्दळ, तो उतावळेपणा, कंटाळ्याने जीव नकोसा होणे, सगळे पूर्वीच्याच जोमाने परत येते, आणि आता त्यावर पांघरूण घालावयाला काही नसते. दारू सोडूनही चैन पडत नाही, मग सोडून मिळवले काय, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. आणि पुष्कळजण या प्रश्नावरच पुन्हा गुत्त्याची वाट धरतात. त्या क्षणी त्याला उपदेशाची गरज नसून निदानाची गरज असते.

आणि निदानही याच काळात करता येते, त्यापूर्वी नव्हे. पिणारा प्रत्येकजण विसराळू असतो, पिणाऱ्या प्रत्येकाचे कामावरून चित्त उडते. त्यावरून प्रत्येक दारुड्याला एडीएचडी आहे असे ठरवू लागलो तर तो दुसरा अविचार होईल. मद्य पूर्ण थांबून काही आठवडे गेल्यावर जे उरते ते त्याचे स्वतःचे, असे समजून मनोविकारतज्ज्ञ मागचा इतिहास विचारतो. आणि शास्त्राचा दंडक असा आहे की ही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीही असली पाहिजेत आणि ती घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ एवढेच लिहिलेले असते, ते निरुपयोगी. खरी साक्ष त्याच्या आईची. हा लहानपणी कसा होता, जेवायला एका ठिकाणी बसायचा का, किती वेळा पडला, किती वस्तू हरवल्या, हे तिच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. चाळीस वर्षांच्या लेकाबरोबर साठी उलटलेल्या आईने दवाखान्याची पायरी चढावी आणि ‘तो लहानपणापासून असाच हाय’ एवढे एक वाक्य सांगावे, यावर कित्येकदा सारा उपचार उभा राहतो. ते वाक्य ऐकताना त्या लेकाला काय वाटत असेल? आपण वाईट नव्हतो, आजारी होतो, ही गोष्ट चाळिशीच्या उंबरठ्यावर कळणे यात समाधानही आहे आणि गेलेल्या वर्षांचे दुःखही आहे.

या व्यथेवर औषधे आहेत. मिथाइलफेनिडेट हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ते उत्तेजक वर्गातले असल्याने त्याच्या विक्रीवर कायद्याचे कडक नियंत्रण आहे आणि ज्याची दारू नुकतीच सुटली आहे त्याला ते देताना वैद्य विशेष सावध असतात. अॅटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध उत्तेजक नाही, व्यसन लावीत नाही, पण गुण यावयाला काही आठवडे घेते. बालपणी अशी औषधे दिल्याने पुढे व्यसन लागते ही भीती अनेक पालकांना वाटते. आजवरच्या अभ्यासांनी ती खरी ठरवलेली नाही. मात्र औषध हा अर्धा उपचार होय. उरलेला अर्धा म्हणजे दिवसाला बांधून घेणे: ठरलेली उठण्याची वेळ, भिंतीवर लिहिलेली कामे, एका वेळी एकच काम, अंगमेहनत, आणि विशेषतः सायंकाळी सहा ते नऊ या वेळेसाठी आधीच ठरवून ठेवलेला उद्योग, कारण तीच त्याची जुनी घातवेळ असते.

येथे आपल्या परंपरेतील एका संस्थेचे स्मरण मला अगत्याने होते. वऱ्हाडात दारू सोडणारा मनुष्य पुष्कळदा गळ्यात तुळशीची माळ घालतो. माळकरी झाल्यावर मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, सायंकाळी हरिपाठ, आणि आषाढीला वारी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते, ती महिनाभराहून अधिक दिवस चालत असते. रोजच्या मजला ठरलेल्या, उठण्याची वेळ ठरलेली, पाय सतत चालते, हाती टाळ, मुखी अभंग, पुढेमागे शेकडो माणसे, आणि या सर्वांत कोठेही दारू नाही. चंचल मनाला जे हवे असते, म्हणजे हालचाल, लय, सोबत आणि बाहेरून आलेली शिस्त, ते सारे या रचनेत आहे. हे कोणी वैद्यकाची पुस्तके वाचून योजिलेले नाही, परंतु एखाद्या विचारी वैद्याने योजावे तसेच ते झाले आहे. एकाच ठिकाणी मला ही रीत अपुरी वाटते. माळ घातलेल्या माणसाचा पाय एखाद्या दिवशी घसरला, तर लाजेने तो विठ्ठलापासून, फडापासून आणि घरापासून एकदमच दूर जातो. वैद्यक त्याच घटनेकडे दम्याचा झटका पुन्हा यावा तसे पाहते: औषध तपासा, कारण शोधा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करा. भजनी मंडळींनी घसरलेल्या गड्याला दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन बोलावून आणण्याची चाल पाडली, तर कितीतरी संसार वाचतील.

आणखी एका अनिष्ट चालीविषयी स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. १९४८ साली डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग प्रसिद्ध झाला. ते पोटात असताना मद्य घेतले तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खचू शकतो. समजून-उमजून, वैद्याच्या सल्ल्याने घेणाऱ्याला त्या भीतीचा आधार होतो. पण ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींवर विश्वासून भाजीत किंवा चहात अशा गोळ्या मिसळणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगतो की असे करू नका. माणूस प्राणास मुकू शकतो. आणि वाचला तरी त्या घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास कायमचा उडतो.

मदत कोठे आहे? १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले. व्यसनी मनुष्याला गुन्हेगार न मानता मित्र मानावयाचे, मारावयाचे नाही, कोंडावयाचे नाही, आणि त्याच्या बायकोचे मनही त्याच्या इतकेच जपावयाचे, हा त्या दांपत्याने घालून दिलेला धडा महाराष्ट्राला मिळालेले मोठे देणे आहे. तेथील निवासी उपचार पाच आठवड्यांचा असतो, आणि वर सांगितलेला महिन्याचा हिशेब ध्यानात घेता ही मुदत किती यथायोग्य आहे ते दिसेल. पण बुलढाण्याच्या खेड्यातून पुणे लांब, आणि नागपूरचे शासकीय मनोरुग्णालयही तीनशेहून अधिक किलोमीटर. त्यामुळे गोव्यात संगात या संस्थेने केलेला प्रयोग मला आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वैद्यकीय पदवी नसलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांना शिकवून, प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठकी बोलावयास लावले. तीन महिन्यांनी त्यांच्यांतील शंभरांत ३६ जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले, आणि ज्यांना हे समुपदेशन मिळाले नव्हते त्यांच्यांत हे प्रमाण २६ होते. हा वृत्तांत २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ या उपक्रमाने, गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी, उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत ४ वरून २७ वर नेले. लोक उपचार नाकारतात हा आरोप या एका आकड्याने खोटा ठरतो. उपचार त्यांच्या ओसरीपर्यंत आलेला नव्हता, एवढेच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांपैकी साधारण ५ कोटी ७० लाखांना मदतीची आवश्यकता आहे, आणि जे पूर्णतः मद्याच्या अधीन झाले आहेत अशा ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळालेला आहे. मुलांच्या बाजूने पाहावे तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांमध्ये ज्या दोषांचा शोध घ्यावयाचा त्यांच्या यादीत अतिचंचलतेची नोंद आहे. शाळेत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी गुरुजींनी आणि बाईंनी त्या भिंगरीच्या मुलाला पुढे करावे, वांड म्हणून मागच्या बाकावर लपवू नये, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. आठव्या वर्षी झालेली ती एक नोंद अठराव्या वर्षीचा पहिला पेला कदाचित टाळू शकेल. कर्ज आणि नापिकी यांनी खचलेल्या शेतकऱ्यांसाठी शासनाने बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला होता, आणि आशाताईंना घरोघर जाऊन मनाची विचारपूस करण्याची सवय त्यातूनच लागली. त्याच विचारपुशीत ‘भाऊ लहानपणापासून असाच अस्वस्थ आहे का’ हा एक प्रश्न वाढवावयाला काही खर्च नाही.

सैलानीला जाणाऱ्यांनी जावे, माळ घालणाऱ्यांनी घालावी. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारात दुआ आणि दवा शेजारी शेजारी देण्याची व्यवस्था झालेली आहे, आणि दुआ मागण्यास आलेले लोक शेजारच्या दवेकडेही वळतात. परंतु कोणालाही साखळीने बांधू नये. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा बंधनाला स्पष्ट मनाई केली आहे. ज्यांच्या घरी एका जागी न बसणारा असा कोणी असेल, मग तो आठ वर्षांचा असो की पंचेचाळीस वर्षांचा, पीत असो की नुकती सोडलेली असो, त्यांनी १४४१६ हा क्रमांक स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवावा. हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, तेथे मराठीतून बोलता येते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.